रात्री अकरा वाजता स्लॅबला हात लावून बघा

मे महिन्यात लातूर-बीडकडच्या कुठल्याही स्लॅबच्या घरात रात्री अकराला स्टुलावर चढून छताला हात लावून बघा. मी मागच्या उन्हाळ्यात आमच्याच घरी लावला. बाहेर अंगणात जरा वारं सुटलं होतं, सूर्य मावळून चार तास झाले होते, आणि छत मात्र ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं गरम. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते, कूलर लावावा तर लाइट नाही, लाइट असली तर पाणी नाही. म्हातारी माणसं, लहान लेकरं रात्रभर तळमळतात, आणि याचं मला लई वाईट वाटतं कारण आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वीची माळवदाची घरं आतून गार असायची.

ती गार का असायची? उष्णता भिंतीतून, छतातून चालत आत येते आणि तिला वेळ लागतो. आपला स्लॅब चार-पाच इंचांचा, दुपारी दोनचं ऊन तीन-चार तासांत खाली उतरतं आणि मग मध्यरात्रीपर्यंत आपल्या अंगावर पडत राहतं. माळवदात लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दोन फुटांचा थर. कोरडी माती काँक्रीटपेक्षा उष्णता बरीच हळू पुढं सरकवते, त्यामुळं दुपारचं ऊन आतपर्यंत पोचायला बारा तासांहून जास्त वेळ लागतो, तोवर रात्र झालेली असते, वरचा थर निवत आलेला असतो आणि उन्हाची धार गेलेली असते. वर छतातल्या साण्यातून, म्हणजे उजेड-हवेसाठी ठेवलेल्या भोकातून, गरम हवा निघून जायची ते वेगळंच.

पण मग परत माळवदं बांधा असं मी म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली, ती याच घरांखाली. दरवर्षी पावसाळ्याआधी माती टाकून टाकून छताचं वजन वाढलेलं, आणि खालच्या जाड भिंती म्हणजे मातीत रचलेले गोल दगड, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवणारा जोडदगडच नाही. भिंती फुटल्या, छत खाली आलं. त्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे जिथं छताचा भार लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता तिथं काही ठिकाणी भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला. म्हणजे जीव घेतला तो वजनानं आणि न बांधलेल्या दगडांनी, गारव्यानं नाही. पण भीतीनं आपण दोन्ही सोडलं आणि स्लॅब नाहीतर पत्रा, एवढंच राहिलं.

तर सांगाडा आरसीसीचाच ठेवा, बँड घाला, म्हणजे भिंतींना चहूबाजूंनी बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा, तिथं तडजोड नको. पण भिंतीला भाजलेली वीट कशाला? मातीत 5 ते 8 टक्के सिमेंट मिसळून मशीननं दाबलेले ब्लॉक होतात, भट्टी लागत नाही. स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवा, तेही जमत नसेल तर दरवर्षी चुना मारा, पांढरा रंग ऊन परत आभाळाकडं फेकतो. चुन्याची आणखी एक गंमत आहे. चुनखडी भाजताना तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि भिंतीवर लावलेला चुना वाळून कडक होताना हवेतला तोच वायू परत ओढून घेतो. सिमेंटही ते करतं, पण फार हळू आणि अर्धवट. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 7-8 टक्के सिमेंटमधून येतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त कोळशातून नाही तर चुनखडीच्या दगडातूनच निघतो, म्हणून भट्टी सोलरवर चालवली तरी तो राहतोच.

आणि गिलावा? वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, 2016 साली यावरचा अभ्यास छापून आला. दीड हजार वर्षं टिकलाय तो, किडीनंही सोडला. आपल्याकडं भुस्सा आहे, सोयाबीनचं काड आहे, जे आपण शेतात पेटवून देतो.

आता पाणी. रिजनरेटिव्ह बांधकाम म्हणतात ते खरं इथं कळतं, कारण त्यात नुसतं नुकसान कमी करायचं नसतं, घेतलेलं परत द्यायचं असतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं छत आणि मराठवाड्याचा साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला, थोडं वाया गेलेलं सोडलं, तरी वर्षाला 50 हजार लिटर होतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती बघायला लोक स्टेशनवर गेले होते, तिच्यात 5 लाख लिटर पाणी होतं. म्हणजे फक्त दहा छतांचं पाणी!

आपल्या काळ्या खडकात पाणी फक्त भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात साठतं, आणि आपण त्याच मुरमावर कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक बसवून पाणी रस्त्यावर काढून देतो, मग 700 फूट बोअर मारतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे केले. चार फुटांचा खड्डा, मधे भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड-गोटे, बस. सांडपाणी जमिनीत गेलं, गटारी बंद झाल्या, डास गेले.

भावाच्या घराचं काम चालू आहे. गुत्तेदार म्हणाला, ‘‘पुढं सगळी फरशी करून टाकू, चिखल होत नाही.’’ आई म्हणाली, ‘‘दादा, लिंबाच्या बुडाला दहा फूट माती तशीच राहू दे, आणि छताचा पाइप तिकडंच वळव.’’ परवा वळवाचा पाऊस झाला. पाइपातून आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ, आणि अर्ध्या तासात सगळं मुरलं.