टायर मोठा, काटा तोच

मामेभावाने दिवाळीत गाडीच्या लोखंडी डिस्क काढून पंधरा इंची अलॉय बसवले. टायरवाल्याने सुचवलं, "टायरही थोडा मोठा टाकू, गाडी उचलून दिसेल, खड्ड्यात खालून घासणार नाही." मूळ टायर १६५/८० आर १४ होते, त्यांच्या जागी २०५/६५ आर १५ आले. पुढच्या आठवड्यात एक्सप्रेसवेवर त्याला गंमत दिसली. काटा १०० वर आणि मोबाइलच्या जीपीएसवरही १००. आधी काटा १०० वर असताना जीपीएस ९६ दाखवायचा. नव्या टायरांनी मीटर सुधारला, असं त्याला वाटलं. मीटर होता तसाच होता, आणि मला काळजी वाटली ती नेमकी याचीच.

गाडीला रस्ता दिसत नाही, तिला फक्त चाकाचे फेरे कळतात. आजच्या गाड्यांमध्ये चाकाजवळ दातेरी किंवा चुंबकी कडं फिरतं, शेजारचा सेन्सर त्याचे ठोके मोजतो, आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हा आकडा कंपनीने आधीच भरून ठेवलेला असतो. जुन्या गाड्यांत हेच काम गिअरबॉक्समधून येणारी केबल करायची. केबलच्या टोकाला चुंबक फिरायचा, त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी. दोघांचा एकमेकांना स्पर्शही नाही! पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह तयार होत, वाटी त्याच्या मागे ओढली जाई, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवून धरी. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. स्ट्रासबुर्गच्या ऑटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या याच युक्तीवर वेग दाखवत राहिल्या. केबल असो की सेन्सर, मोजले जातात ते फेरेच.

आता टायरवरचे आकडे वाचू. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. वर एक भिंत, खाली एक, मिळून २६४. मध्ये १४ इंची रिम, म्हणजे ३५५.६ मिमी. एकूण व्यास ६१९.६ मिमी. नव्या टायरचा व्यास याच हिशेबाने ६४७.५ मिमी भरतो, साडेचार टक्क्यांनी जास्त. म्हणजे एका किलोमीटरला आधी साधारण ५१४ फेरे लागत, आता ४९२ पुरतात. मीटर मात्र प्रत्येक फेरा जुन्याच मापाने धरतो, त्यामुळे तोच खरा वेग आता आधीपेक्षा कमी दाखवतो.

दोष मोठ्या रिमचा नाही, हे ठासून सांगायला हवं. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येत आले आहेत. दुसऱ्याचा व्यास ६२१.५ मिमी, फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा. रिम इंचभर वाढली, तशी टायरची भिंत बुटकी केली. बाहेरचा व्यास राखला की काट्याला फरक पडत नाही.

मग आधी जीपीएसवर ९६ का दिसायचे? संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालतं, तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत. खरा वेग १०० असेल तर ११४ चालतील, ९९ चालणार नाहीत. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. टायर झिजला तरी चूक सुरक्षित बाजूलाच जाते: नव्या टायरची ८ मिमीची नक्षी १.६ वर आली की व्यास सुमारे १३ मिमीने घटतो आणि काटा आणखी दोन टक्के पुढे पळतो. मोठा टायर उलट्या दिशेने जातो. भावाच्या गाडीत त्याने ती राखून ठेवलेली जागा पूर्ण खाऊन टाकली. त्याने २०५/७० टाकले असते, तर काटा १०० वर असताना गाडी १०३ च्या पुढे असती. वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याला तुमचा काटा दिसत नाही, आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला किती अंतर घेणार, ते खऱ्या वेगावरच ठरतं.

किलोमीटरही त्याच फेऱ्यांवरून मोजले जातात, पण वेगाच्या काट्यासारखे ते मुद्दाम पुढे ठेवलेले नसतात, म्हणून तिथे टायरचा फरक पूर्ण दिसतो. "टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं," ही तक्रार भावाचीही होती. ३० लिटरमध्ये ट्रिप मीटरवर ५७४ किमी, म्हणजे १९ च्या आसपास. प्रत्यक्षात गाडी ६०० किमी धावली होती, म्हणजे २०. रुंद, जड टायर थोडं इंधन जास्त खातो हे खरं, पण इथला बराचसा खड्डा मोजणीतला होता.

खात्री करायला आम्ही एक्सप्रेसवेवर किलोमीटरच्या पाट्या धरल्या. एका पाटीशी ट्रिप शून्य केली आणि पुढे विसाव्या पाटीपर्यंत गेलो. ट्रिपवर १९.१ होते. आता तो टाकी भरताना ट्रिपच्या आकड्याला १.०४५ ने गुणतो, आणि हे टायर झिजले की १८५/६५ घ्यायचे, असं त्याने ठरवून टाकलंय.