तलंग कळपात रुळते कशी?

कोंबड्यांच्या जुन्या कळपात नवी तलंग, म्हणजे अजून अंडी घालू न लागलेली तरुण कोंबडी, सोडली की काही मिनिटांतच तिच्या डोक्यावर चोची बसू लागतात आणि आपल्या कोंबड्या दुष्ट आहेत की काय, असे पाळणाऱ्याला वाटू लागते. वस्तुतः तो दुष्टपणा नसतो. कळपातील प्रत्येक कोंबडीला इतर प्रत्येकीसमोर आपली पायरी कोणती हे ठाऊक असते, आणि नव्या पक्ष्याची पायरी अजून ठरलेली नसते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलेफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी ही उतरंड बारकाईने नोंदवून १९२२ साली प्रसिद्ध केली. दाण्यापाशी कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने बाजूला होते, हे पाहून त्यांनी दाखवले की कळपात दोन-दोन कोंबड्यांमधील नाती ठरलेली असतात. ही उतरंड नेहमी सरळच असते असेही नाही, कारण पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला दाबते, अशी त्रिकोणी नातीही त्यांना आढळली.

ही व्यवस्था ओळखीवर उभी आहे. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्याच्या ठेवणीवरून, म्हणजे तुऱ्याचा आकार, त्याचा रंग, चेहरा यांवरून ओळखतात. एखादीच्या तुऱ्याचे रूप बरेच बदलले, तर तिच्या सोबतिणीसुद्धा तिला परकी समजून अंगावर धावून जाऊ शकतात. काही आठवडे दूर राहिलेल्या कोंबडीची ओळखही पुसट होते, म्हणून आजारपणामुळे वेगळी ठेवलेली जुनी कोंबडी परत आणतानाही नव्या तलंगेइतकीच काळजी घ्यावी लागते. माझ्या मते पाळणाऱ्याचे खरे काम या एका गोष्टीत सामावलेले आहे: चोच पोहोचू शकेल, त्याआधी नजरेची ओळख झालेली असली पाहिजे.

त्याआधी अर्थातच पिल्लू नीट वाढलेले हवे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस उबेची गरज असते. पुढे पिसे फुटत जातील तशी ही ऊब दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवतात आणि सुमारे सहा आठवड्यांत, अंगावर पुरेशी पिसे आल्यावर, कृत्रिम उबेची गरज बहुधा संपते. मात्र तापमापकापेक्षा पिल्लांचे वागणे पाहणे अधिक भरवशाचे आहे. ती दिव्याखाली एकमेकांना चिकटून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि दिव्यापासून दूर पांगून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते आहे. एकटेच पिल्लू मात्र वाढवू नये. सोबत नसलेले पिल्लू घाबरट होते, आणि चोचीचा इशारा ओळखून मागे कसे हटावे हे शिकण्याची संधीही त्याला मिळत नाही.

खाद्याचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, आणि ते भरून निघावे म्हणून अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियमचे प्रमाण साडेतीन ते चार टक्के ठेवलेले असते. वाढत्या तलंगेला एक टक्क्याच्या आसपासचे प्रमाण पुरते. अंडी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ती मोठ्या कोंबड्यांचे खाद्य खाऊ लागली, तर जादा कॅल्शियम बाहेर टाकण्याचा ताण तिच्या मूत्रपिंडांवर पडतो आणि ती कायमची दुखावू शकतात. हे नुकसान बाहेरून दिसत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. एकत्र झालेल्या कळपात दोन वेगळी खाद्ये राखणे जवळजवळ अशक्य असते. त्यापेक्षा सर्वांना वाढीच्या वयाचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरील कोंबड्या आपल्या गरजेनुसार तो वेचून खातात, तर तलंगा सहसा त्याकडे फारशा वळत नाहीत.

तलंग बाहेरून आणलेली असेल, तर तिला निदान तीन-चार आठवडे पूर्णपणे वेगळे ठेवणे आवश्यक आहे. धडधाकट दिसणारा पक्षीही श्वसनरोगाचे जंतू वाहून आणू शकतो. तिचे पाणी, भांडी आणि शक्य झाल्यास तिच्याकडे जाताना वापरायची पादत्राणेही निराळी असावीत, आणि रोजचे काम करताना आधी जुन्या कळपाकडे व मग तिच्याकडे जावे. उलट बाजूने, जुन्या कळपाच्या विष्ठेत रक्ती हगवणीचे परजीवी असू शकतात. मोठ्या कोंबड्यांत त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, पण कोवळ्या पक्ष्यांत ती नसते. हे परजीवी उबदार, ओल्या भुशात संसर्गक्षम होतात. त्यामुळे भुसा कोरडा ठेवणे हाच त्यांवरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

यानंतर ओळखीचा टप्पा येतो. खुराड्याच्या आवारातच जाळीने एक भाग वेगळा करून तलंगेला तेथे एक-दोन आठवडे ठेवावे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकींना पाहता येते, पण टोचता येत नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळ-जवळ दाणा टाकला, तर शेजारी खाण्याची सवयही लागते. तलंग अंगाने मोठ्या कोंबड्यांच्या जवळपास आल्याशिवाय जाळी काढू नये, आणि एकटीऐवजी दोघी-तिघींना एकत्र सोडावे, म्हणजे सगळा रोख एकीवर येत नाही. रात्रीच्या अंधारात नव्या पक्ष्याला दांडीवर गुपचूप बसवून देण्याची पद्धत पुष्कळ जण सुचवतात. कोंबड्यांना अंधुक प्रकाशात फारसे दिसत नसल्याने रात्र शांततेत जाते हे खरे, पण सकाळ होताच परकी ती परकीच ठरते. आधी ओळख झालेली असेल तरच या युक्तीचा उपयोग होतो.

एकत्र सोडल्यावर दाणा आणि पाणी किमान दोन ठिकाणी, एकमेकांपासून दूर ठेवावे. एखादी फळी तिरपी उभी करून आडोसा केला, तर तलंगेला टोचणारीच्या नजरेआड होता येते. मात्र तिला कोंडता येईल असा बंद कोपरा राहू देऊ नये. चार पावले पाठलाग, डोक्यावर एखादी चोच आणि तलंगेने मान खाली घालून बाजूला होणे, इतके घडणारच, आणि त्यात आपण मध्ये पडलो तर उतरंड ठरायला उलट उशीर होतो. रक्त दिसले, तर मात्र जखमी पक्ष्याला लगेच बाजूला घ्यावे, कारण लाल ठिपक्याकडे सगळ्यांच्या चोची वळतात. एकच कोंबडी सतत मागे लागत असेल, तर तलंगेला नव्हे, त्या कोंबडीलाच काही दिवस दूर ठेवावे. ती परतते तेव्हा तिला आपली जागा पुन्हा मिळवावी लागते, आणि तोपर्यंत तलंग उरलेल्यांत रुळलेली असते.

तलंगेला पोटभर खायला मिळते की नाही, हे दिवसा नुसते पाहून नीट कळत नाही. संध्याकाळी ती दांडीवर बसल्यावर गळ्याखालची अन्नाची पिशवी हलक्या हाताने चाचपावी. ती भरलेली लागली तर चिंता नाही. रोजच रिकामी लागत असेल, तर आणखी एक भांडे ठेवावे किंवा जाळी पुन्हा काही दिवस लावावी. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात तलंगेचा तुरा वाढून लालभडक होतो, ती अंड्यावर येते आणि संप्रेरकांच्या या बदलाबरोबर तिचा धीटपणाही वाढतो. कित्येकदा उतरंडीतील तिची जागा याच सुमारास वर सरकते, म्हणून शांत झालेल्या कळपात या दिवसांत पुन्हा थोडी टोचाटोची दिसली तर घाबरून जाऊ नये.