प्रकाशनियंत्रित विषाणुबंधन

विषाणूंचे कण एखाद्या पृष्ठभागावर बसवायचे आणि हवे तेव्हा प्रकाश टाकून सोडवायचे, ही अतिरेणवीय रसायनशास्त्रातील (रेणू-रेणूंमधील सौम्य, सुटू शकणाऱ्या जोडण्यांच्या अभ्यासातील) पद्धत. कण आणि पृष्ठभाग यांच्यात सहसंयुजी (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीचा, पक्का) बंध नसतो, त्यामुळे सुटताना कण मोडत नाही.

कळीचा रेणू बहुधा ॲझोबेंझीन असतो; प्रकाशाने तो ट्रान्स आणि सिस या दोन आकारांत बदलतो. त्याचे ट्रान्स रूप सपाट व लांबट, सुमारे ०.९ नॅनोमीटरचे. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशात तो वाकून आखूड सिस रूप घेतो. निळ्या प्रकाशात, किंवा अंधारात नुसता ठेवला तरी, तो पूर्वपदावर येतो. हे सिस रूप हार्टली यांनी १९३७ मध्ये शोधले. ७ ग्लुकोज एककांच्या बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या कड्यासारख्या रेणूच्या पोकळीत ट्रान्स रूप नीट बसते, सिस बसत नाही. भोपळ्याच्या आकाराच्या कुकुर्बिट-८-युरिल या पोकळ रेणूमध्ये तर दोन पाहुण्या रेणूंना जागा असते: पृष्ठभागावरचा व्हायोलोजेन (धनभारित सेंद्रिय रेणू) आणि विषाणूवरचा ॲझोबेंझीन. अतिनील प्रकाश पडला की दुसरा बाहेर पडतो.

यासाठी वनस्पतींचे विषाणू सोयीचे, कारण ते माणसाला बाधत नाहीत आणि पानांतून भरपूर मिळतात. तंबाखूचा मोझेक विषाणू ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड दांडी असते. तिच्यावर एकाच प्रथिनाच्या सुमारे २१३० प्रती रचलेल्या असतात. प्रत्येक प्रतीतील १३९ क्रमांकाचे टायरोसिन हे अमिनो आम्ल बाहेरच्या बाजूला असल्याने त्यावर डायॅझोनियम क्षाराची (नायट्रोजनयुक्त, क्रियाशील संयुगाची) अभिक्रिया घडवता येते. या अभिक्रियेत ॲझोबेंझीनमधला ॲझो बंध (दोन नायट्रोजनमधील दुहेरी बंध) जागच्या जागी तयार होतो.

सगळी मदार प्रथिनाच्या प्रतींच्या या पुनरावृत्तीवर आहे. एकेकटा बंध कमकुवत, पण दांडी आडवी पडली की असे अनेक बंध एकत्र लागतात आणि कण घट्ट धरला जातो. अडचणही इथेच आहे. प्रकाशाने सगळेच रेणू सिस होत नाहीत. उरलेले थोडे ट्रान्स रेणूही कण अडकवून ठेवू शकतात. म्हणून धुताना द्रावणात मोकळे सायक्लोडेक्स्ट्रिन मिसळले, तर ते हे रेणू आपल्याकडे ओढून घेते. ॲरिलॲझोपायरॅझोल हे २०१४ पासूनचे, ॲझोबेंझीनसारखेच प्रकाशाने रूप बदलणारे रेणू (स्विच) दोन्ही दिशांना जवळजवळ पूर्ण बदलतात, तेव्हा सुटकेसाठी तेच अधिक योग्य ठरावेत.

विषाणूचे आरएनए २६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश त्यापासून दूर असला, तरी संसर्गक्षमता टिकवायची असल्यास प्रकाशाची मात्रा जपूनच द्यावी लागते. नुसता साचा म्हणून वापरल्या जाणाऱ्या, आरएनए काढून टाकलेल्या प्रथिनकवचांना ही काळजी लागत नाही.