‘गुरुवार’ची कादंबरी कॅथलिक प्रचार नव्हे

इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांची ‘द मॅन हू वॉज थर्सडे’ म्हणजे एका कॅथलिक माणसाने अराजकवाद्यांविरुद्ध लिहिलेलं प्रचारपुस्तक, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नुसती सालं पाहिली तरी हे टिकत नाही. कादंबरी आली १९०८ मध्ये. चेस्टरटन कॅथलिक झाले १९२२ मध्ये.

आणि पुस्तक उघडून तर बघा. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरवरच्या सज्जात, भरदिवसा, बाँबच्या गप्पा मारत न्याहारी करणारी अराजकवाद्यांच्या मंडळाची सात माणसं, प्रत्येकाला एकेका वाराचं नाव. पुढे कळतं, अध्यक्ष ‘रविवार’ सोडून बाकी सहाही जण वेषांतर केलेले पोलीस आहेत. अंधाऱ्या खोलीत त्यांना पोलिसांत भरती करणाराही तोच रविवार! खरा अराजकवादी म्हणून उरतो कवी ग्रेगरी, आणि शेवटी त्याचा आरोप लेखक पूर्ण ऐकवतो. प्रचारक असं करत नाही.

मग रविवार म्हणजे सरळ देवच? तीही घाईच. कादंबरीचं उपशीर्षक आहे ‘एक दुःस्वप्न’. मृत्यूच्या आदल्या दिवशी, १३ जून १९३६ रोजी छापून आलेल्या लेखात चेस्टरटन यांनी हीच तक्रार केली होती: लोक शीर्षक वाचतात, उपशीर्षक सोडून देतात. त्यांना रंगवायचं होतं ते त्या काळच्या निराशावाद्यांना दिसणारं, संशयाने झाकोळलेलं जग, आणि त्यात आशेची एक बारीकशी तिरीप.