सह्याद्रीचा कातळ आणि वर्सोव्याचे बोंबील

मासेमारीच्या वेळा सांगणारे तक्ते हल्ली मोबाइलवर फिरतात. चंद्र डोक्यावर आला की मासा गरीला लागणार, असं त्यात तास-मिनिटांसकट दिलेलं असतं. दुसरा समज असा, की पावसाळ्यानंतर होड्या भरून येतात त्या केवळ बंदीमुळे. 1 जून ते 31 जुलैची बंदी हवीच. तेवढी तरी उसंत समुद्राला मिळते. पण उसंतीने पोट भरत नाही. मासा किनाऱ्याजवळ येतो तो खाण्यामागे, आणि मुंबईच्या समुद्रातलं हे खाणं सह्याद्रीच्या काळ्या कातळापासून सुरू होतं.

बेसॉल्टमध्ये जवळजवळ निम्मा भाग सिलिका असते. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि कातळाची झीज करतं. सुटलेली सिलिका उल्हास आणि वैतरणा या नद्या खाडीत आणून सोडतात. तिथे तिची वाट पाहत असतात डायटम. हे एकपेशीय प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे सूक्ष्म जीव, स्वतःभोवती सिलिकेची, म्हणजे काचेचीच, झाकणाच्या डबीसारखी पेटी बांधतात. नायट्रोजनच्या दर अणूमागे त्यांना साधारण एक अणू सिलिकॉन लागतो. तो नसेल तर पेशीचं विभाजन अडतं.

मग ऐन जुलैत, सिलिका भरपूर असताना, डायटमचं पीक का येत नाही? याचं उत्तर नॉर्वेचे समुद्रशास्त्रज्ञ हॅराल्ड स्वेर्ड्रुप यांनी 1953 मध्ये उत्तर अटलांटिकच्या संदर्भात मांडलेल्या कल्पनेत सापडतं, आणि ती मला आजही थक्क करते. डायटम अन्न तयार करतो फक्त उजेडात. श्वसनावर ते खर्च करतो रात्रंदिवस. लाटा त्याला वरखाली ढवळत राहतात. पृष्ठभागापासून खाली जाताना एक अशी खोली येते, की तिथपर्यंतच्या संपूर्ण थरातली एकूण कमाई आणि एकूण खर्च सारखे होतात. ही क्रांतिक खोली. पाणी त्याहून खोल ढवळलं जात असेल, तर पृष्ठभागावर कितीही कमाई झाली तरी एकूण हिशेब तोट्याचा. पाणी पुरेसं गढूळ असलं, की गढूळपणा दुप्पट झाल्यावर ही खोली जवळजवळ निम्मी होते. ढगांनी ऊन अर्धं केलं तर आणखी निम्मी. आपला किनारा उथळ; पावसाळ्यात तो थेट तळापर्यंत ढवळला जातो आणि गाळ खाली बसतच नाही. म्हणजे जेवणाचं सगळं सामान हजर, पण उजेड नाही.

पाऊस ओसरतो, वारा पडतो, ऊन येतं, आणि हिशेब फिरतो. डायटम दिवसाभरात दुप्पट होऊ शकतात. त्यांना खाणाऱ्या कोपेपॉडची, म्हणजे इवल्याशा कवचधारी जिवांची, पिढी उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत तयार होते. त्यावर आणि कुजक्या पालापाचोळ्याच्या कणांवर जवळा, म्हणजे बारीक कोलंबीसारखा जीव, पोसतो, आणि जवळ्यावर मांदेली आणि बोंबील. बोंबील तर इतका खादाड की स्वतःच्या जातीची पिल्लंही सोडत नाही. प्रत्येक पायरीला वेळ लागतो, म्हणून पाऊस जुलैत मुसळधार कोसळला तरी बोंबलाचा जोर सप्टेंबरनंतर थंडीपर्यंत दिसतो.

इथेच सांडपाण्याचा मुद्दा येतो. शहराच्या मैल्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर मिळतात, सिलिका त्या प्रमाणात नाही. हे प्रमाण बिघडलं की डायटमऐवजी सिलिका न लागणारे दुसरे प्लवक वाढू शकतात, आणि ते सगळेच कोपेपॉडला तितके मानवत नाहीत. 'मैला म्हणजे माशांना खतच' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

आता चंद्राकडे. त्याचा हात आहे, पण भरती-ओहोटीतून. मुंबईला मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत 4 मीटरहून जास्त फरक पडतो. जवळ्यासारखा जीव एवढ्या ओढीविरुद्ध पोहू शकत नाही. पाणी नेईल तिकडे जातो आणि ओढीच्या वाटेवर बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्यात येतो. भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत, ओढ मंदावते, डोल रिकामी राहते. पण याच शांत दिवसांत गाळ खाली बसतो आणि उथळ खाड्यांतल्या प्लवकांना वाढायला वाव मिळतो. खाणं वाढतं भांगात, वाटलं जातं उधाणात. अमावास्येचं उधाणही पौर्णिमेइतकंच कामाचं, त्यामुळे अमावास्येला अशुभ मानून गरी घरी ठेवण्यात काही अर्थ नाही.

गरवायला जाणाऱ्यांसाठी खाडीचं मुख वेगळं. तिवरांची गळलेली पानं जिवाणू आणि बुरशी कुजवतात, त्या चोथ्यावर किडे, कोलंबीची पिल्लं आणि बोई मासे वाढतात. पावसाळ्यात खाडी गोडी होऊ लागली की वाढलेली कोलंबी समुद्राकडे सरकते, आणि ओहोटीच्या ओढीत जिताडा, तांबोशी हे शिकारी मासे तिच्यावर टपून असतात. तेव्हा तक्त्यातला मिनिटांचा आकडा सोडा. पाऊस किती झाला, पाणी किती निवळलं, ओढ कोणत्या दिशेला आहे हे बघा आणि त्या दिवसांत खाडीतून जे वाहून येतंय तेच आमिष लावा. कोलंबी बाहेर पडत असेल तर कोलंबी, बोईची पिल्लं फिरत असतील तर बोई.