शटरचा कापडी पडदा: कापड टिकतं, रबर मरतं

जुना फिल्म कॅमेरा हातात आला की सगळे आधी लेन्समध्ये बुरशी आहे का बघतात, मग शटर दाबून तो आवाज ऐकतात आणि खूश होतात. लेन्स काढून, मागचं झाकण उघडून, अंधाऱ्या खोलीत शटरच्या पडद्याच्या (फिल्मवर उजेड अडवणाऱ्या काळ्या कापडाच्या) एका बाजूला टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने फार कमी लोक बघतात, आणि बघितलं की बऱ्याचदा काळ्या पडद्यावर चांदण्या, म्हणजे उजेड गळणारी बारीक भोकं, दिसतात. मग ‘यावर काळा रंग लावू का’ हा प्रश्न येतोच. उत्तर द्यायच्या आधी हा पडदा मुळात आहे काय आणि इथे आला कुठून ते बघू, कारण रोग तिथलाच आहे.

पडदा म्हणजे खरं तर रेनकोटचं कापड. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालून पाणी न झिरपणारं कापड काढलं, पण ते उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवायची युक्ती सापडली आणि हा त्रास आटोक्यात आला. आटोक्यात आला म्हणतोय, गेला नाही म्हणत, कारण शंभर वर्षांनी कॅमेऱ्याच्या पोटात तेच दोन रोग परत दिसतात, चिकटपणा नाहीतर कडकपणा.

फोटोग्राफीला सुरुवातीला शटर लागतच नव्हतं. फिल्मच्या आधी वापरायच्या त्या काचेच्या प्लेटा उजेडाला इतक्या मंद होत्या की लेन्सची टोपी हाताने काढायची, मनात आकडे मोजायचे, परत लावायची. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सची जिलेटिनची कोरडी प्लेट आली, मग त्या भराभर वेगवान होत गेल्या आणि हात पुरेना. जर्मन फोटोग्राफर ऑटोमार आन्शुट्झने १८८४ मध्ये उडणाऱ्या करकोच्यांचे फोटो काढले आणि १८८८ मध्ये प्लेटच्या अगदी समोरून धावणाऱ्या फटीच्या शटरचं पेटंट घेतलं. रोलरवर गुंडाळलेला पडदा, त्यात एक आडवी फट, स्प्रिंग सोडली की फट प्लेटवरून सरकत जाते, बस. लोखंडी पत्रा असा गुंडाळला जात नाही, कागद फाटतो, साध्या कापडातून उजेड येतो, त्यामुळे रबर लावलेलं काळं कापड हाच एक मार्ग होता.

आता खरा माणूस, लायका कॅमेऱ्याचा जनक ऑस्कर बार्नॅक. त्याच्या पहिल्यावहिल्या लायकाच्या नमुन्यात फिल्म पुढे नेताना फट उघडीच राहायची, म्हणून लेन्सवर टोपी लावावी लागायची. १९२५ मध्ये लायका बाजारात आला तेव्हा ही कटकट संपलेली होती, पडदे दोन झाले होते आणि चावी देताना दोघं एकमेकांवर चढून फट बंद ठेवायचे. बटण दाबलं की पहिला पडदा पळतो, थोड्या वेळाने दुसरा त्याच्या मागे, आणि दोघांमधलं अंतर म्हणजेच एक्सपोजर, फिल्मवर किती वेळ उजेड पडतो ते. गंमत अशी की १/१००० सेकंदाच्या स्पीडला पडदे जास्त जोरात पळत नाहीत, फक्त फट अरुंद होते. ३६ मिमीची फ्रेम साधारण १/५५ सेकंदात ओलांडायची असेल तर १/१००० साठी फट जेमतेम २ मिमी उरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग सगळ्यांनीच हे उचललं: एक्झाक्टा, सोव्हिएत फेड आणि झोर्की, जपानी कॅनन, पुढे पेंटॅक्स. १९३२ चा काँटॅक्स वेगळा निघाला, दुकानाच्या शटरसारख्या धातूच्या पट्ट्या वरून खाली, पण त्या पट्ट्या ज्या रेशमी रिबिनींवर लटकायच्या त्याच तुटायच्या, म्हणजे कापडापासून सुटका तिथेही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काही लायका थ्री-सी मॉडेलमध्ये लाल पडदे सापडतात, संग्राहक त्यावर जीव टाकतात. १९५९ मध्ये कॅनन पीमध्ये स्टेनलेस स्टीलचे पातळ पडदे आले (बोट लागलं की सुरकुती, कायमची), त्याच वर्षी आलेल्या नायकॉन एफने टायटॅनियम धरलं. उभी धावणारी धातूची पाती आली तसा फ्लॅश वापरता येणारा शटरचा सगळ्यात जास्त स्पीड १/६० वरून १/१२५ वर गेला आणि कापड मागे पडलं, तरी पेंटॅक्स के१००० कापडी पडद्यावर १९७६ ते १९९७ चालला, आणि २०२२ मध्ये परत आलेल्या लायका एम६ मध्येही पडदा कापडीच आहे. आवाज कमी, एवढं कारण मला पुरतं.

आता दुरुस्ती. भोकं दोन प्रकारची असतात. रेंजफाइंडरमध्ये (लायकासारखा, लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा) आरसा नसतो, त्यामुळे लेन्स सूर्याकडे राहिली की भिंगाने कागद जळतो तसा पडदा जळतो, एकच गोल भोक, बाकी पडदा ठणठणीत. इथे रंगाचा एक बारीक ठिपका पुरतो, अगदी योग्य इलाज. दुसरा प्रकार म्हणजे रोलरवर वर्षानुवर्षं वळून राहिलेलं रबर हवा आणि उष्णतेने सुकून तडकतं, कापड शाबूत पण रबर झडलेलं, आणि चांदण्या त्याच्याच. भोकाचा डाग फोटो काढताना कमी पडतो, कॅमेरा टोपीशिवाय गळ्यात लटकत असताना जास्त, त्यामुळे लोक आधी फिल्मला नाहीतर लॅबला शिव्या देतात. एसएलआरमध्ये (आरशातून लेन्सच्याच वाटेने बघायचा कॅमेरा) आरसा खाली असेपर्यंत पडद्यावर उजेड फारसा पोचत नाही, म्हणून तिथे हा रोग लपून राहतो.

या दुसऱ्या रोगावर पूर्ण पडदा रंगवणं हा मी स्वतः केलेला मूर्खपणा. आठवडाभर झकास, मग रोलरवर रंगाला रंग चिकटला, पडदा जड आणि ताठ झाला, आणि २ मिमीच्या फटीत दुसरा पडदा जरा जरी लवकर पोचला की फट बंद, फ्रेमची एक बाजू काळी. म्हणून जाणकार पडदाच बदलतात: मूळच्याइतकंच पातळ रबरी रेशीम, जुना पडदा सरळ करून त्याच्यावरून माप, फटीच्या कडेची धातूची पट्टी आणि पडदा ओढणाऱ्या रिबिनी जशाच्या तशा जागेवर, लवचिक राहणारं रबरी गोंद आणि तेही अगदी पातळ. पट्टी तिरकी बसली तर फट वरून रुंद आणि खालून अरुंद होते, म्हणजे एकाच फोटोत दोन एक्सपोजर. गोंद नीट वाळू द्या, मगच स्प्रिंगांचं टेन्शन, आणि तेही थोडं थोडं, कारण स्पीड कमी पडतोय म्हणून दोन्ही स्प्रिंगा आवळत गेलं की घट्ट झालेल्या जुन्या तेलाचा दोष नव्या पडद्यावर काढल्यासारखं होतं. आधी रोलर आणि गिअर साफ करून घ्या.