प्राण्यांचे संचलन

प्राण्याने स्वतःची ताकद खर्च करून एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे, याला प्राणिशास्त्रात संचलन म्हणतात. ‘चलन’ म्हणावे तर पैसा आठवतो, ‘संचलन’ म्हणावे तर कवायत. पुस्तकांत दोन्ही शब्द चालतात.

पोहणे, उडणे, धावणे, सरपटणे यांत वरवर काही साम्य दिसत नाही. पण मुळात क्रिया एकच आहे : आजूबाजूचे काहीतरी मागे ढकलायचे आणि त्याच्या प्रतिक्रियेने आपण पुढे सरकायचे. मासा पाणी ढकलतो, पक्षी हवा, घोडा जमीन. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. त्यामुळे पाण्यातल्या प्राण्याचा बहुतेक भार पाणीच पेलते आणि त्याला झगडावे लागते ते पाण्याच्या रोधाशी. जमिनीवर उलट : हवेचा रोध नगण्य, पण प्रत्येक पावलाला स्वतःचे वजन सावरावे लागते. उडणाऱ्याला दोन्ही ओझी असतात. तरीही या तिघांत सर्वांत महाग पडते ते धावणे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ कनूट श्मिट-नील्सन यांनी १९७२ मध्ये दाखवले, की सारख्या वजनाच्या प्राण्यांत तेवढेच अंतर कापायला पोहणाऱ्याला सर्वांत कमी ऊर्जा लागते, उडणाऱ्याला त्याहून जास्त आणि धावणाऱ्याला सर्वाधिक. वेळेच्या हिशेबाने उडण्याचा खर्च प्रचंड असतो, पण उडणारा तेवढ्या वेळात कितीतरी लांब जातो.

पाण्यात रोध कमी करण्याचा हमखास उपाय म्हणजे दोन्ही टोकांना निमुळते शरीर. शार्क (मासा), डॉल्फिन (सस्तन प्राणी) आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला इक्थिओसॉर (सरीसृप) यांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही, तरी बाह्याकार जवळजवळ सारखा. वंशाचा माग लागतो तो शेपटीत. शार्क आणि इक्थिओसॉर यांच्या शेपटीचा पर उभा, म्हणून ती डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिन व देवमासा यांची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. देवमाशांचे पूर्वज जमिनीवरचे चार पायांचे सस्तन प्राणी होते, आणि सस्तन प्राण्यांचा कणा धावताना वर-खालीच वाकतो. भरधाव चित्त्याच्या पाठीची जी हालचाल, तीच पाण्यात देवमाशाच्या शेपटीत उरली आहे.

माशांतही सगळे एका तऱ्हेने पोहत नाहीत. ईल सर्व शरीराची नागमोडी लाट करते, तर टूना धड जवळजवळ ताठ ठेवून फक्त शेपटीचा फटकारा मारतो. तरंगत राहण्यासाठी बहुतेक अस्थिमत्स्यांत, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत, हवेने भरलेला वाताशय असतो. शार्कला तो नसतो, त्याचे मोठे तेलकट यकृत काही अंशी ते काम करते. स्क्विड, म्हणजे माकूल, शरीराच्या पिशवीत पाणी भरून घेते आणि नळीतून जोराने बाहेर फेकून उलट दिशेला सुटते.

प्राणी लहान होत जातो तसे माध्यम त्याच्यासाठी बदलत जाते, ही गोष्ट सहज लक्षात येत नाही. देवमाशाने शेपटी थांबवली तरी तो जडत्वाने बराच पुढे जातो. पण सूक्ष्म जीवांच्या मापात जडत्व नाममात्रच उरते आणि पाण्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा, वरचढ ठरते. जीवाणू हा प्राणी नव्हे, पण उदाहरण म्हणून चपखल आहे : त्याने कशाभिका, म्हणजे शेपटीसारखा धागा, फिरवणे थांबवले, की तो एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरात थांबतो. अशा जगात वल्हे पुढे-मागे सारखेच हलवून काही साधत नाही. मागे जाताना कमावलेले पुढे येताना जाते. म्हणून सूक्ष्म जलचरांच्या पक्ष्माभिका, म्हणजे अंगावरचे केसांसारखे तंतू, ताठ होऊन फटका मारतात आणि वाकून परततात.

पाण्याच्या पृष्ठभागाचे शास्त्र आणखी वेगळे. पाणनिवळीसारखे कीटक पृष्ठताणावर उभे राहतात. बुडायला लागेल इतके वजनच त्यांच्याकडे नसते. बॅसिलिस्क सरडा मात्र पृष्ठताणाच्या आधाराला फार जड आहे. तो मागच्या पायांनी पाण्यावर फटाफट थापा मारत पळतो.

जमिनीवरच्या चालीचा अभ्यास डोळ्यांनी करणे अवघड. चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एकदम उचललेले असतात का, हा वाद छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी मिटवला. पाय खरोखरच अधांतरी असतात, पण चित्रकार रंगवत तसे पुढे-मागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. चालणे म्हणजे उलटा लंबक : शरीर टेकलेल्या पायावरून वर चढते आणि पुढे पडते, त्यामुळे गती आणि उंची यांच्यातली ऊर्जा आलटून-पालटून वापरली जाते. धावताना पाय लंबकाऐवजी स्प्रिंगसारखा वागतो. स्नायू हाडाला जोडणारी कंडरा ताणली जाते आणि तीच ऊर्जा परत देते. कांगारूत हे टोकाला गेले आहे. १९७३ मधील मोजमापांत असे आढळले, की उड्या मारत जाणाऱ्या कांगारूचा वेग वाढला तरी त्याचा ऑक्सिजनचा खर्च जवळजवळ वाढत नाही. घोडा साधी चाल सोडून दुडकी आणि मग भरधाव पळतो, तोही याच काटकसरीपायी : १९८१ च्या एका प्रयोगात घोड्यांनी आपणहून निवडलेले वेग नेमके त्या त्या चालीत सर्वांत स्वस्त पडणारे निघाले. हत्ती मात्र कितीही घाईत असला तरी चारही पाय एकदम उचलत नाही.

पाय नसले म्हणून काही अडत नाही. साप कडेच्या खडबडीत गोष्टींना रेटून नागमोडी जातो, अरुंद जागी अंगाची घडी घालून उलगडतो, जाडजूड अजगर पोटाच्या खवल्यांवर सरळ रेषेत सरकतो, आणि वाळूवरचे काही विषारी साप आडवे जातात. भिंतीवरच्या पालीची युक्ती तर चिकटपणाचीही नाही. टोके गेको या मोठ्या पालीच्या एका पायावर सुमारे ५ लाख सूक्ष्म रोम असतात, प्रत्येकाचे टोक शेकडो फाट्यांत विभागलेले. ते पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात, की रेणूंमधले क्षीण आकर्षणच पालीला धरून ठेवते. पाऊल सोडवायचे तर रोमांचा कोन बदलला की पुरे.

पंख मारून उडणे चार वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले : कीटक, टेरोसॉर (नामशेष झालेले उडणारे सरीसृप), पक्षी आणि वटवाघळे. टेरोसॉरचा पंख एका लांबलचक बोटावर ताणलेला, वटवाघळाचा चार बोटांवर, पक्ष्याचा पिसांचा. कीटकाच्या पंखात तर हाडे किंवा बोटे नसतातच. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. इतक्या वेगाने चेतातंतू संदेश देऊ शकत नाहीत, म्हणून स्नायू ताणला गेला की आपोआप आकुंचन पावतो. बंबलबी ही गुबगुबीत माशी ‘विज्ञानानुसार उडू शकत नाही’ ही लोकप्रिय दंतकथा आहे. विमानाच्या स्थिर पंखाचे गणित तिला लावले, तेव्हा ते चुकले, माशी नव्हे. कीटकाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा टिकून राहतो आणि तो जास्तीची उचल देतो. पक्ष्यांत एका दमात लांब उडण्याचा उच्चांक गॉडविट या स्थलांतरी पक्ष्याचा : २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक कोवळा पक्षी अलास्काहून तास्मानियापर्यंत न थांबता सुमारे ११ दिवसांत १३,५६० किमी उडाला. आल्बट्रॉस मात्र समुद्रालगतच्या मंद आणि वरच्या वेगवान वाऱ्यातल्या फरकावर फिरत राहतो, पंख क्वचितच हलवत.

मातीत शिरणाऱ्याला वाट स्वतः तयार करावी लागते, म्हणून बीळ खणत जाणे जमिनीवरून चालण्यापेक्षा शेकडो पटींनी महाग पडते. गांडूळ शरीर आळीपाळीने आखडून-ताणून पुढे सरकते, मागे घसरू नये म्हणून दृढरोम, म्हणजे अंगावरचे बारीक ताठ केस, मातीत रोवते. सहारातील सँडफिश सरडा मात्र सैल वाळूत खणत नाही. २००९ मध्ये क्ष-किरणांखाली टिपलेल्या दृश्यांत तो वाळूखाली पाय अंगालगत दुमडून माशासारखा पोहताना दिसला.

आयुष्यभर एका जागी राहणारे प्राणीही कधीतरी हिंडलेले असतात. बार्नॅकल या खडकांना चिकटून राहणाऱ्या सागरी प्राण्याचे डिंभ, म्हणजे अळीसारखे पिल्लू, पायांनी पोहत जागा शोधते, डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटते, आणि पुढे तेच पाय पाण्यात फिरवून अन्न गोळा करते. काही जाती देवमाशाच्या त्वचेवर बस्तान बसवतात.